पाचवी पत्ती

मकबूल शिकलगार यांच्या दुकानात शिरायचं तर आधी चपला काढाव्या लागतात, मग हात धुवावे लागतात आणि मग दारात लटकवलेल्या ओल्या पंच्याखालून वाकून आत यावं लागतं. पंचा गेली चाळीसेक वर्षं तिथे आहे. म्हणजे पंचे बदलले असतील, पण तो कधी कुणी वाळलेला पाहिला नाही. बाहेरच्या धुळीनं त्याला चिकटावं आणि आत येऊ नये, एवढीच अपेक्षा. रविवार पेठेतल्या एका गल्लीत, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की दहा बाय आठची ही खोली लागते. खोलीत पंखा नाही. मे महिन्यात घामाघूम झालेलं एखादं गिऱ्हाईक विचारतं, "अहो, एक पंखा का नाही लावत?" मकबूलभाई मान वर न करता सांगतात, "पंख्यानं धूळ उडते. घाम नाही उडत."

हे उत्तर, आणि हे दुकानही, मुळात त्यांच्या उस्तादांचं. उस्ताद म्हणजे श्यामराव परचुरे. कॅमेरा दुरुस्तीतला हा माणूस म्हणजे सोन्यासारखा हात आणि कारल्यासारखी जीभ. मकबूलभाईंचे वडील सायकलवर धारेचं चाक बांधून पेठापेठांतून चाकू-सुऱ्या, कात्र्यांना धार लावत फिरायचे. पंचाहत्तर साली श्यामरावांनी कात्री खाली आणली, धार लावणाऱ्याच्या सतरा वर्षांच्या मुलाची बोटं पाहिली आणि वडिलांना म्हणाले, "धार तुम्ही लावा. ही बोटं माझ्याकडे पाठवा." त्यानंतर बावीस वर्षं, म्हणजे श्यामराव गेले तोपर्यंत, मकबूलभाई त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. या बावीस वर्षांत श्यामरावांनी त्यांची एकदाही स्तुती केली नाही. काम फार उत्तम झालं तर "बरं आहे" म्हणायचे, आणि तेही कॅमेऱ्याकडे बघून.

त्या न मिळालेल्या शाबासकीची भरपाई मकबूलभाईंनी स्वतःच करून घेतली असावी. "माझ्या हाताखालून गेलेल्या काचेत धुळीचा कण सापडला, तर त्या दिवशी दुकानाची पाटी उतरवीन," असं ते येईल त्याला ऐकवतात. ऐकणाऱ्याला हा माज वाटतो. पण गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडे जा. गुलालानं माखलेले, बटणं अडकलेले, आतून गुलाबी झालेले कॅमेरे टेबलावर ओळीनं मांडलेले असतात, आणि आठ दिवसांनी तेच कॅमेरे नवे असल्यासारखे परत जातात. पाटी अजून जागेवर आहे. तेव्हा माज तर माज.

त्यांचा दुसरा अभिमान मात्र एका लेन्सचा होता. श्यामरावांची जपानी, पन्नास मिलिमीटरची लेन्स. लेन्सच्या पोटात पोलादाच्या पातळ पत्त्या असतात. त्या मिटल्या की मधलं भोक लहान होतं, उघडल्या की मोठं, आणि त्यावर आत किती उजेड जाणार ते ठरतं. या लेन्सला अशा सहा पत्त्या. एकोणनव्वद साली पाचवी पत्ती मोडली. सुटा भाग देशात कुठे मिळेना. तेव्हा मकबूलभाईंनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची स्प्रिंग घेतली, तापवली, सपाट केली, घासून नखाहून पातळ केली, काळी केली आणि अकराव्या दिवशी लेन्समध्ये बसवली. श्यामरावांनी लेन्स कॅमेऱ्याला लावली, टेबलाशी बसलेल्या मकबूलचाच एक फोटो काढला, मागे खिडकीत दिवाळीच्या दिव्यांची माळ लागलेली होती. आठवड्यानं फोटो फ्रेम करून आणला, स्वतः खिळा ठोकून भिंतीवर लावला आणि म्हणाले, "बरं आहे."

बस्स. मकबूलभाईंनी त्याचा अर्थ असा लावला की उस्तादांनाही आपली पत्ती ओळखता आली नाही. तेव्हापासून ते लेन्स उजेडाकडे धरून भल्याभल्यांना विचारत, "सहातली माझी कुठली, सांगा पाहू!" कुणी सांगू शकलं नाही. लोक भोकाकडे बघत, मान हलवत आणि चहा पिऊन जात.

श्यामरावांच्या मागे ती लेन्स मकबूलभाईंकडे आली, आणि मुलगी मिसबा हिनं खराडीतली चांगली नोकरी सोडून लग्नाचे फोटो काढायचं डोक्यात घेतलं, तेव्हा त्यांनी तिला ती दिली. बरीच भांडणं झाली होती. पण लेन्स देताना ते फक्त "पाडू नकोस" एवढंच म्हणाले. मिसबानं ती मधे एक कडं बसवून आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याला जोडली. म्हातारी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर अशी नांदली की बघत राहावं.

तर मार्च महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी तीनच्या सुमारास, लोणी काळभोरचा प्रज्ञेश काळभोर पंच्याखालून वाकून आत आला. दीड महिन्यापूर्वी त्याचं लग्न झालं होतं. बायको सलोनी ही खडकीची, वडील दारूगोळा कारखान्यात, आणि ती मिसबाची कॉलेजमधली मैत्रीण. म्हणून फोटोचं काम मिसबाकडे आलं होतं. मिसबा तेव्हा दुकानातच होती. तिला वाटलं, उरलेले फोटो मागायला आला असेल.

प्रज्ञेशनं अल्बम टेबलावर ठेवला. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळाचे फोटो होते. मांडव, दिवट्या, हवेत उधळलेला भंडारा, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात हसणारी सलोनी. पहिल्या फोटोत तिच्या उजव्या खांद्यावर एक पांढुरकी-पिवळी चकती तरंगत होती, रुपयाएवढी, आरपार दिसणारी. दुसऱ्या फोटोत तीच चकती तिच्या डोक्यामागे. तिसऱ्यात दोन.

"मी बघितल्या होत्या," मिसबा म्हणाली. "छान दिसतात म्हणून ठेवल्या. सलोनीला आवडल्या होत्या."

"तिला आवडल्या हो," प्रज्ञेश घसा खाकरत म्हणाला, "पण नागोरावकाका... माझे मोठे चुलते. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालतो. ते म्हणतात, पोरीबरोबर काहीतरी घरात आलंय. तसं गेल्या दीड महिन्यात आई जिन्यावरून पडली, हात मोडला. बोअरची मोटार जळाली. सगळं एकदम आलंय ना, चाचा. आता त्यांनी ठरवलंय, रविवारी तिला खडकीला पाठवायचं. कुणा देवऋषाला दाखवायचं, आणि तो 'हो' म्हणाला तरच परत आणायचं."

"आणि तू काय ठरवलंयस?" मकबूलभाईंनी विचारलं.

प्रज्ञेश टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत बसला. वाईट मुलगा नव्हता तो, पण चुलत्यासमोर उभं राहायची वेळ आली की त्याला नेमका फोन यायचा.

"म्हणूनच आलोय," तो म्हणाला. "तुम्ही एका कागदावर लिहून द्या, की लेन्सवर धूळ होती. तुमच्या सहीनं. काकांना तुमचं नाव माहीत आहे, हडपसरच्या फोटोवाल्यानं त्यांना सांगितलंय. एवढं दिलंत की विषय संपेल."

मिसबा वडिलांकडे बघायचंच टाळत होती, कारण पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं.

"धूळ?" मकबूलभाई म्हणाले. "माझ्या काचेवर?"

"अहो, नुसतं लिहायचं..."

"त्यापेक्षा असं लिहून देतो, की तुमचे काका आंधळे आहेत. तेही तितकंच खरं."

प्रज्ञेशला मिसबानं कसंबसं जिन्यापर्यंत पोचवलं. वर येऊन ती वडिलांवर उसळली. "अब्बा, एक ओळ लिहायची होती! सलोनी रोज रडतेय तिकडे. तुमचं काय जाणार होतं?"

"माझं जे जाईल ते जाईल. तिला काय मिळेल, ते सांग." मकबूलभाईंचाही आवाज चढला होता. "आज मी काच खराब होती म्हणालो. उद्या तिच्या दिराच्या लग्नात भंडारा उडेल, दुसऱ्याच कुणाच्या कॅमेऱ्यात असाच गोळा येईल. मग? तेव्हा कोणाची काच? एका सहीवर पोरीनं जन्मभर सासरी राहायचं काय?"

मिसबा स्टुलावर टेकली. ती हळू आवाजात म्हणाली, "मग खरं काय आहे ते तरी तिथे येऊन सांगा."

खरं काय ते मकबूलभाईंना फोटो बघताक्षणीच कळलं होतं. धूळच ती, पण काचेवरची नव्हे, हवेतली. मांडवात गर्दी, बाजूला दिवा उभा करायला जागा नाही, म्हणून मिसबानं फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवला. समोर हवेत भंडारा. त्यातला एखादा कण लेन्सपुढे वीत-दीड वीत अंतरावर आला, फ्लॅशच्या उजेडात चमकला. पण फोकस तर पार पलीकडे नवरीच्या डोळ्यांवर. मग तो कण धड दिसत नाही, फुगून चकती होतो. हे त्यांनी गिऱ्हाइकांना शंभर वेळा समजावलं होतं. फक्त त्या चकत्यांमुळे कुणाला घरातून जावं लागेल, असं कधी झालं नव्हतं.

मिसबा गेल्यावर त्यांनी अल्बम पुढे ओढला आणि डोळ्याला भिंग लावलं. सवयच ती. सलोनीच्या खांद्यावरची चकती त्यांनी बारकाईनं पाहिली आणि त्यांचा हात थांबला.

चकती गोल नव्हती. नुसत्या डोळ्यांना गोल वाटे, पण होती षटकोनी. फोकसबाहेर गेलेला ठिपका लेन्समधल्या भोकाचा आकार घेतो, हे तर त्यांना माहीत होतंच. सहा पत्त्या, सहा कोपरे. त्यातले पाच कोपरे टोकदार होते. खालचा उजवा कोपरा मात्र बोथट, जरासा बसका. त्यांनी दुसरी चकती पाहिली. तीच. तिसरी पाहिली. तीच. मग त्यांनी मांडवाच्या पार मागे लावलेले दिवे पाहिले. तेही फोकसबाहेर, तेही बारीक षटकोन, आणि त्यांतही एक कोपरा बसका. पण तो वरचा, डावा. म्हणजे उलटा.

मकबूलभाईंनी भिंग खाली ठेवलं. पस्तीस वर्षं "सहातली माझी कुठली" म्हणून मिरवलेली पत्ती समोर बसून हसत होती. कुणाला ओळखता आली नव्हती, कारण दाखवताना लेन्स जवळजवळ उघडीच असायची. मिटवून काढलेल्या फोटोतले कोपरे कुणी मोजले नव्हते. केसाएवढी कमी घासली गेली होती ती पत्ती. केसाएवढीच! पण मिसबानं दीडशे लग्नांत काढलेल्या प्रत्येक दिव्याला ती खोट चिकटली होती. त्यांना अंगभर शरम वाटली. मुख्य म्हणजे, श्यामरावांसमोर ती लेन्स ठेवताना आपण किती छाती काढून उभे होतो, ते आठवलं.

आणि त्याच वेळी त्यांना हेही उमगलं, की या बसक्या कोपऱ्याइतका चांगला साक्षीदार सलोनीला दुसरा मिळणार नाही. फक्त तो कोपरा आपला आहे, हे चारचौघांत कबूल करावं लागणार होतं.

त्यांनी अल्बम मिटला. मग स्टुलावर चढले आणि भिंतीवरची फ्रेम खाली उतरवली. दर शुक्रवारी ते तिची काच पुसत. पण जागेवरून ती कधी काढली नव्हती, कारण खिळा श्यामरावांनी ठोकलेला. फोटोत तरुण मकबूल, मागे खिडकीत दिवाळीची माळ. भिंग लावायचीही गरज पडली नाही. माळेतल्या प्रत्येक दिव्याचा वरचा डावा कोपरा बसका होता. इतकी वर्षं रोज समोर होता आणि दिसला नव्हता.

रविवारी सकाळी मिसबाच्या स्कूटरवर मागे बसून मकबूलभाई सोलापूर रस्त्यानं लोणीला निघाले. कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला, टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम मांडीवर. हडपसरपासून पुढे ट्रकांच्या धुरळ्यात ते फ्रेमवरचा टॉवेल पुन्हापुन्हा आवळत होते. मिसबाला काय ते अजून सांगितलं नव्हतं.

काळभोरांच्या घरी पुढच्या खोलीत सलोनीची बॅग भरून तयार होती. ती स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. सासूबाई मुक्ताई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून पलंगावर बसल्या होत्या. बाईंचं सुनेवर मन होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण नवरा हिंदुराव जाऊन दीड वर्षच झालं होतं आणि घरात मोठ्या दिरापुढे बोलायची रीत नव्हती. नागोराव खुर्चीत. पांढरी टोपी, पायावर पाय.

"या, शिकलगार," नागोराव म्हणाले. "कागद आणलाय का?"

"कागद नाही आणला. लेन्स आणली आहे," मकबूलभाई म्हणाले. "आधी अल्बम बघू. भाऊसाहेब, या पानावर तुम्ही आहात. तुमच्या टोपीवर तीन चकत्या आहेत. दिसतात का?"

"त्यो द्येवाचा आशीर्वाद हाय," नागोराव शांतपणे म्हणाले.

"आणि सुनेच्या खांद्यावर एक आहे, ती?"

"ती येगळी."

"असं होय. टोपी बघून ठरतं तर." प्रज्ञेशला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

मग मकबूलभाईंनी देवघरातला भंडारा मागितला. "उधळायचा मान तुमचा," ते मुक्ताईंना म्हणाले, "मी त्याला हात लावणार नाही." मुक्ताईंनी चांगल्या हातानं चिमूट घेतली, सवयीनं पुटपुटत 'येळकोट' म्हटलं आणि हवेत उडवली. मिसबानं डोक्यावरच्या फ्लॅशनं फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर खोलीभर चकत्या: पंख्यावर, बॅगेवर, नागोरावांच्या नाकावर. दुसऱ्या वेळी मकबूलभाईंनी फ्लॅश काढून सलोनीच्या हातात दिला आणि तिला बाजूला भिंतीशी उभं केलं. तेवढाच भंडारा, तीच माणसं. फोटोत एकही चकती नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी वर्तमानपत्राचा नखाएवढा तुकडा फाडून चक्क लेन्सच्या काचेवर चिकटवला. स्वच्छ काचेवर कागद चिकटवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं, ते फक्त मिसबालाच कळलं. फोटो लख्ख आला. कागदाचा मागमूस नाही.

"काचेवरचं दिसत नाही," ते म्हणाले. "काचेसमोर हवेत असतं, ते दिसतं. आणि दिवा कॅमेऱ्याला चिकटलेला असला तरच दिसतं."

नागोराव डळमळले होते, पण हटले नव्हते. "हे आजचं झालं. आज तुमी भंडाऱ्याचं गोळं काढलं, मान्य. त्या दिशी पोरीच्या खांद्यावर व्हतं, त्ये भंडाऱ्याचंच कशावरनं? खांद्यावरच बसलंय की ते!"

प्रश्न बरोबर होता. नागोराव हट्टी होते, मूर्ख नव्हते. मकबूलभाईंनी काचेवरचा कागदाचा तुकडा सोलून काढला. मग लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवली, तिचं कडं फिरवून पत्त्या मिटवल्या आणि ती खिडकीकडे धरून नागोरावांच्या डोळ्यांपुढे नेली.

"आत भोक दिसतं? कोपरे मोजा."

"सा."

"एक बोथट आहे का?"

नागोरावांनी डोळा बारीक केला. "हाय. ह्यो हितला."

"आता हे भिंग घ्या, आणि सुनेच्या खांद्यावरची चकती बघा."

नागोराव बराच वेळ वाकून बघत राहिले. "हिलाबी त्योच कोपरा बसकाय," ते शेवटी म्हणाले.

"मागच्या दिव्यांना बघा. त्यांनाही आहे, पण उलटा. नवरीच्या मागे जे असतं, त्याचा कोपरा वर डावीकडे येतो. नवरीच्या पुढे, कॅमेऱ्याजवळ जे असतं, त्याचा खाली उजवीकडे. ती चकती सुनेच्या खांद्यावर नव्हतीच, भाऊसाहेब. ती सुनेपेक्षा माझ्या पोरीच्या जास्त जवळ होती. लेन्समधून आत जाताना माझ्या पत्तीचा ठसा घेऊन गेली."

"तुमच्या?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "लेन्सची पाचवी पत्ती मी हातानं कापलेली आहे. पस्तीस वर्षं सांगत आलो की ती कुणाला ओळखता येणार नाही. ती ओळखता येते. केसभर चुकली आहे. खोट माझ्या हाताची आहे, या पोरीची नाही."

मिसबानं तोंडावर हात ठेवला. 'माझं चुकलं' अशा अर्थाचं वाक्य अब्बांच्या तोंडून तिनं जन्मात प्रथम ऐकलं होतं, आणि तेही परक्यांच्या घरात.

मकबूलभाईंनी टॉवेल सोडून फ्रेम काढली. "हा फोटो एकोणनव्वद सालचा. याच लेन्सनं काढलेला. दिवे बघा, तोच कोपरा. बेटा, तुझा जन्म कधीचा?"

"अठ्ठ्याण्णवचा," सलोनी दारातून म्हणाली.

"म्हणजे जन्माच्या नऊ वर्षं आधीच ही माझ्या दुकानात शिरली होती म्हणायची."

मुक्ताई हसल्या. पलंगावरून उठल्या, नागोरावांच्या हातातलं भिंग घेतलं आणि स्वतः बघितलं. मग दिराकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, म्या जिन्यावरनं पडले, ते जिन्यावर पाणी सांडलं व्हतं म्हून. म्याच सांडलं व्हतं. लाजंपायी बोलले न्हाय. प्रज्ञेश, ती ब्याग आत ने."

प्रज्ञेशला या वेळी फोन आला नाही. तो उठला आणि बॅग आत घेऊन गेला. नागोराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी अल्बम पुन्हा उघडला आणि आपल्या टोपीवरच्या चकत्यांचे कोपरे मोजू लागले.

सलोनी पुढे आली. तिनं मकबूलभाईंच्या हातातली फ्रेम घेतली. स्कूटरवरच्या धक्क्यांनी मागचा पुठ्ठा निसटला होता. तो नीट बसवायला म्हणून तिनं फ्रेम उलटी केली, आणि थबकली.

"चाचा, फोटोमागे काहीतरी लिहिलंय."

"काय लिहिलं असणार?" मकबूलभाई म्हणाले. "तारीख असेल."

"तारीख आहे. बारा नोव्हेंबर एकोणनव्वद." निळ्या शाईतलं बारीक, सरळ अक्षर तिनं उजेडाकडे धरून वाचलं. "पाचवी पत्ती मकबूलची. ओळखू येते. बदलू नये. श्यामराव परचुरे."

मकबूलभाईंनी हात पुढे केला. तिनं फोटो त्यांच्याकडे दिला. ते अक्षर त्यांनी एकदा वाचलं, मग भिंग लावून पुन्हा वाचलं. वाचण्यासारखं तिथे एवढंच होतं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखून लेन्स तशीच ठेवली, मरेपर्यंत तिनंच फोटो काढले, आणि त्यातला पहिला फोटो रोज शिष्याच्या डोळ्यांसमोर राहील असा भिंतीवर ठोकला. सहासष्ट वर्षांचा तो माणूस काळभोरांच्या पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखा रडला, आणि रडताना त्याची मान ताठ होती.

चहा झाला. निघताना मुक्ताईंनी सुनेला शेजारी उभं केलं आणि मिसबाला फोटो काढायला सांगितलं. मिसबानं फ्लॅश बाजूला धरायला घेतला, तेव्हा नागोराव खुर्चीतून म्हणाले, "त्यो वरच लाव की पोरी. मी भंडारा उडवतो. कोपरा दिसाया पायजे."

परतीच्या वाटेवर, हडपसरच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मिसबानं मागे वळून विचारलं, "अब्बा, आता नेटवर या लेन्सची पत्ती मिळते. जपानहून मागवायची का?"

मकबूलभाईंनी मांडीवरची फ्रेम टॉवेलात घट्ट गुंडाळली. रस्त्यावर धूळ फार होती.

"उस्तादांनी काय लिहिलंय, वाचलंस ना?" ते म्हणाले. "सिग्नल सुटला. चल."